घरमालकही आपला, भाडेकरूही आपलाच : भाडे कायदा कुणाला काय देतो?

पावसाळा जवळ आला की मुंबईत म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. यादीत डोंगरी, भेंडी बाजार, मदनपुरा, नागपाडा, भायखळा या भागांतली नावं दिसली की आपल्या घरांत काळजी सुरू होते. त्याच सुमारास मुंब्रा, कुर्ला, गोवंडी, भिवंडी, पुण्यातला कोंढवा अशा वस्त्यांत अकरा महिन्यांचे करार संपत असतात आणि माणसं नवं घर शोधत फिरतात. या दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९.

या कायद्यावर आपल्याकडे बोलणं होतं ते फक्त भांडण कोर्टात गेल्यावर. तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही या लेखात कायदा सोप्या भाषेत मांडतो आहोत. कुणाला तो काय देतो, कुणाकडून काय घेतो, आणि आपल्या समाजाने कुठे आवाज उठवायला हवा, हे बघू या. एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या समाजात घरमालक म्हणजे कुणी परका शेठ आणि भाडेकरू म्हणजे आपण, असं चित्र नाही. जुन्या चाळीचा मालक आपला, वरच्या मजल्यावर खोली भाड्याने देऊन घर चालवणारी बेवा आपली, मशिदीच्या ट्रस्टची दुकानं आपली, आणि त्यात राहणारे, बसणारेही आपलेच. म्हणून एकाच बाजूने बोलून चालणार नाही.

कायदा आला कुठून?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत माणसं वाढली, घरं कमी पडली, भाडी भडकली. त्यावर इलाज म्हणून मुंबई प्रांतात १९४७ चा भाडे कायदा आला. त्याने भाडं साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. गरिबाला घराबाहेर काढू नये, हा हेतू चांगला होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पुन्हा पुन्हा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला. महागाई वाढली, घरपट्टी वाढली, सिमेंट आणि मजुरी वाढली, भाडं मात्र तिथेच राहिलं.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट सांगितलं की भाडं असं कायमचं गोठवून ठेवणं आता अवाजवी आणि मनमानी झालं आहे. जुन्या कायद्याची मुदत संपत आली होती आणि सरकार नवा कायदा आणणार होतं, म्हणून न्यायालयाने तरतूद तिथल्या तिथे रद्द केली नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मंजूर झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी राज्यात तीन कायदे होते : मुंबई, पुणे, कोकण, नाशिक, मालेगावकडे मुंबईचा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा आणि मराठवाड्यात हैदराबादचा. नव्या कायद्याने तिघांना एक केलं.

जुना भाडेकरू : पक्का हक्क, कच्ची भिंत

या कायद्याने जुन्या भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं आहे. भाडं वेळेवर भरत असेल, कराराच्या अटी पाळत असेल, तर त्याला काढता येत नाही. भाडं थकलं तरी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. दावा दाखल झाल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह आणि खर्चासह भरली, पुढेही भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून घर रिकामं करण्याचा हुकूम होत नाही.

कलम १६ मध्ये घर परत घेण्याची कारणं दिली आहेत. मालकाला स्वतःसाठी खरी गरज असणं, भाडेकरूने परवानगीशिवाय दुसऱ्याला खोली देणं, नुकसान करणं, शेजाऱ्यांना त्रास देणं ही त्यातली मुख्य. खऱ्या गरजेच्या बाबतीतही कोर्ट दोन्ही बाजू तोलून बघतं, की कुणाला जास्त त्रास होईल. धर्मादाय ट्रस्ट मालक असेल तर ट्रस्टच्या कामासाठी जागा हवी, हेही कारण धरलं जातं.

इथे कोकणातल्या आणि आखातात नोकरी करणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. भाड्याची खोली योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल, तर तेवढ्यावरून मालक दावा करू शकतो. रायगड, रत्नागिरीतल्या किती घरांच्या मुंबईतल्या खोल्या कुलूपबंद आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘भाडं तर भरतोय ना’ एवढं उत्तर कोर्टात पुरत नाही.

मग मालकाला काय मिळतं? वर्षाला ४ टक्के वाढ. हिशेब करून बघू. २००० साली एखाद्या खोलीचं भाडं १०० रुपये असेल आणि दरवर्षी वाढीवर वाढ धरली, तरी पंचवीस वर्षांनी ते साधारण २६७ रुपये होतं. तेवढ्यात आज प्लंबरही घरी येत नाही. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं, दुरुस्ती करणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने केली नाही तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. २६७ रुपये महिना म्हणजे वर्षाचे ३,२०४, त्याचा चौथा हिस्सा ८०१ रुपये. आठशे रुपयांत कुठला गळका छत दुरुस्त होतो?

परिणाम आपण डोळ्यांनी पाहिला आहे. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारजवळ हुसैनी इमारत कोसळली, ३३ जणांचा जीव गेला. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला, दहाहून अधिक माणसं गेली. प्रत्येक वेळी कारणं वेगळी असतात, दोष वेगळ्यांचा असतो, आणि सगळं खापर भाडे कायद्यावर फोडणं बरोबर नाही. भिवंडीत सप्टेंबर २०२० मध्ये जिलानी इमारत कोसळून जवळपास ४० जण गेले, आणि महाडची तारिक गार्डन ऑगस्ट २०२० मध्ये पडली तेव्हा ती जेमतेम सात-आठ वर्षांची होती. तिथे प्रश्न निकृष्ट बांधकामाचा होता. पण मुंबईच्या जुन्या चाळींबाबत एवढं म्हणता येतं : ज्या इमारतीतून मालकाला काही मिळत नाही आणि भाडेकरूला ती आपल्या नावावर नाही, त्या इमारतीवर पैसा कुणीच लावत नाही.

पागडी : कायद्याने मान्य केलेली वाट

भाडं गोठलं म्हणून पागडी आली. खोली घेताना एकरकमी मोठी रक्कम द्यायची, मग महिन्याचं भाडं नावापुरतं. खोली दुसऱ्याला द्यायची झाली की आलेल्या रकमेतला हिस्सा, साधारण तिसरा भाग, मालकाला. हा रिवाज वर्षानुवर्षं चालला, पण १९४७ च्या कायद्यात तो गुन्हा होता. त्यामुळे सगळा व्यवहार रोखीत आणि तोंडी. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क देताना किंवा हस्तांतर करताना मोबदला घेणं कायदेशीर ठरवलं. हिस्सा किती, हे कायदा सांगत नाही, ते आपसांत ठरतं.

याचा अर्थ काय? पागडीचा भाडेकरू म्हणजे मालक नव्हे, हे समजून घ्यायला हवं. त्याने लाखो रुपये दिले असले तरी कायद्याच्या नजरेत तो भाडेकरूच आहे. मालकाच्या संमतीशिवाय तो खोली विकू शकत नाही, पोटभाडेकरू ठेवू शकत नाही. आणि त्याचा हक्क उभा राहतो तो भाडेपावतीवर. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. भाडं घेतलं आणि पावती दिली नाही, तर ते कायद्याचं उल्लंघन आहे. मालक पावती देत नसेल तर भाडं बँकेतून, मनिऑर्डरने पाठवा आणि पुरावा जपून ठेवा. ‘चाचा ओळखीचे आहेत’ म्हणून दहा-दहा वर्षं पावती न घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. चाचा गेल्यावर त्यांची मुलं ओळख दाखवत नाहीत.

बापाची खोली, वारस कोण?

आमच्या मते आपल्या घरांसाठी हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. मरहूम अब्बांच्या नावावर भाड्याची खोली आहे. चार मुलं, दोन मुली. खोली कुणाची?

बहुतेक घरांत लगेच शरियतप्रमाणे हिस्से मोजायला सुरुवात होते. मालकीच्या मालमत्तेबाबत ते बरोबर आहे. पण संरक्षित भाडेहक्क कायदा वेगळ्या पद्धतीने पुढे नेतो. कलम ७(१५) प्रमाणे राहण्याच्या जागेत, भाडेकरू वारला त्या वेळी जो कुटुंबीय त्याच्यासोबत राहत होता, तो भाडेकरू धरला जातो. असा कुणीच नसेल, तर वारसांपैकी एक. आपसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वसंत प्रताप पंडित खटल्यात, जुन्या कायद्यातल्या याच प्रकारच्या तरतुदीबद्दल, असा भाडेहक्क मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, असंही सांगितलं आहे. म्हणजे ‘अब्बांनी माझ्या नावावर लिहून ठेवलंय’ हे इथे चालत नाही.

यातून दोन गोष्टी घडतात. जो मुलगा आईवडिलांसोबत राहून त्यांची सेवा करत होता, त्याला संरक्षण मिळतं. ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि बाहेरगावी नोकरीला गेलेले भाऊ हक्काच्या बाहेर पडतात. खोलीचं भाडं २०० रुपये होतं तोवर कुणी काही बोलत नाही. पण इमारत पुनर्विकासात गेली आणि त्याच खोलीच्या जागी मालकीचा, काही कोटींचा फ्लॅट मिळणार म्हटलं की घराची दोन घरं होतात.

आमचं म्हणणं एवढंच : कायद्याने भाडेकरू कोण, हा एक प्रश्न आहे. बहिणींचं, बेवा वहिनीचं देणं काय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कोर्ट देईल, दुसऱ्याचं आपल्याला आपल्या ईमानाने द्यायचं आहे. ज्याच्या नावावर पावती होते, त्याने आधीच सगळ्यांना बसवून, लेखी समझोता करून ठेवला तर पुढची पंचवीस वर्षं वाचतात. सल्ला वकिलाचाही घ्या आणि जाणत्या आलिमांचाही.

बायकांसाठी अजून एक गोष्ट. नवरा म्हणतो, ‘खोली माझ्या नावावर आहे, निघ.’ २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ‘सामायिक घर’ याच्या व्याख्येत भाड्याचं घरही येतं. भाडेपावती नवऱ्याच्या नावावर असली, तरी पत्नीला तिथून असंच हुसकावून लावता येत नाही. दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

नवा भाडेकरू : नाव भाडेकरूचं, हक्क पाहुण्याचा

आता दुसरी बाजू. आज पस्तीसच्या आतलं जे जोडपं घर घेतं, ते ‘भाडेकरू’ नसतंच. ते ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतं. कायद्याच्या भाषेत हा राहण्याचा परवाना आहे, भाडेहक्क नव्हे. जुन्या कायद्याची धास्ती घेतलेले मालक आता दुसऱ्या कुठल्याच प्रकारे घर देत नाहीत.

फरक मोठा आहे. इथे भाडं किती घ्यावं यावर बंधन नाही. डिपॉझिट किती घ्यावं यावर बंधन नाही. मुदत संपली की कारण न सांगता घर रिकामं करायचं. कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिलं तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. प्रकरण दिवाणी कोर्टात जात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातं, आणि समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. लेखी करारात जे लिहिलंय तेच अंतिम पुरावा धरलं जातं. म्हणून न वाचता सही करू नका. एजंट म्हणतो, ‘सगळे असंच करतात.’ सगळे करतात म्हणूनच सगळे फसतात.

बघा, एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एक जण २६७ रुपये भरून पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि शेजारचा २० हजार भरून अकराव्या महिन्याला सामान बांधतो. दोघेही गरीब असू शकतात. दोघांना एकाच राज्याचा, एकच कायदा लागू आहे.

आम्ही शिक्षक आहोत. शाळेत हे आम्हाला आकड्यांतून नव्हे, दाखल्यांतून कळतं. वर्षाच्या मध्येच पालक येतात, ‘सर, दाखला द्या, घर बदललं.’ तिसरीपर्यंत तीन शाळा झालेलं मूल वाचनात मागे पडलेलं असतं आणि कारण मुलात नसतं, करारात असतं. शिक्षण हक्क कायद्याने दाखल्यासाठी मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, हे पालकांनी माहीत करून घ्यावं. आणि २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करताना भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरारच लागतो. नोटरी केलेला कागद चालत नाही. कित्येक पात्र मुलं इथेच बाद होतात.

नोंदणी : अकरा महिन्यांचा गैरसमज

‘अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही’ असं मोहल्ल्यातला प्रत्येक जण सांगतो. महाराष्ट्रात हे खरं नाही. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत किती का असेना, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल तर, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणी न करून मालक स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो.

खर्च तरी किती? समजा महिना १५ हजार भाडं, अकरा महिने, एक लाख परतीचं डिपॉझिट. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून, साडेचारशे रुपयांच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी बिनतक्रार देणारे आपण, या दीड हजारासाठी हात आखडता घेतो.

भारी डिपॉझिटचं जाळं

मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, गोवंडीकडे ‘हेवी डिपॉझिट’ ची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पाच-सात लाख एकदम द्यायचे, भाडं शून्य किंवा नावाला, मुदत संपली की पैसे परत. भाडेकरूला वाटतं भाडं वाचलं, मालकाला एकरकमी भांडवल मिळतं. दोघंही खूष, जोवर पैसे परत द्यायची वेळ येत नाही तोवर.

धोका असा की ही रक्कम मालकाने धंद्यात, लग्नात, दुसऱ्या फ्लॅटमध्ये घातलेली असते. पुढचा भाडेकरू आणल्याशिवाय त्याच्याकडे परत द्यायला काही नसतं. इमारत अनधिकृत असेल आणि पालिकेची नोटीस आली, तर पुढचा भाडेकरू येतच नाही. तुमचे पैसे अडकले. कागद नोटरीचा असेल, रक्कम रोखीत दिली असेल, तर हातात काय? पाच लाख डिपॉझिटचा नोंदणीकृत करार करायला मुद्रांक शुल्क जेमतेम सव्वाशे रुपयांच्या घरात येतं. तरी लोक करत नाहीत, कारण मालकाला रक्कम कागदावर नको असते. मालकाला रक्कम कागदावर नको असेल, तर तिथे पैसे ठेवू नका, हा आमचा सरळ सल्ला. शिवाय कर्ज देऊन त्या बदल्यात फुकट राहणं शरियतमध्ये बसतं का, हाही प्रश्न आहे. तो आलिमांना विचारायला संकोच करू नये.

‘घर रिकामं आहे, पण तुम्हाला नाही’

कायद्यात जे लिहिलं आहे ते आपण पाहिलं. जे लिहिलेलं नाही, तेही बघायला हवं. नाव ऐकल्यावर ‘घर गेलं’ असं सांगितलं जाणं आपल्यातल्या बहुतेकांनी अनुभवलं आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद घेतली होती. संविधानाचं कलम १५ सरकारला भेदभाव करायला मनाई करतं, पण खासगी मालकाने धर्मावरून घर नाकारलं तर त्याला शिक्षा करणारी तरतूद महाराष्ट्राच्या भाडे कायद्यात नाही. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपनियमही मान्य केला.

निदान एवढं माहीत असू द्या : सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. मालक तयार आहे, पण ‘कमिटी एनओसी देत नाही’ असं म्हणत असेल, तर हा नियम त्याला दाखवा. तसंच पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं म्हणजे माहिती देणं, पोलिसांची परवानगी घेणं नव्हे.

या दारबंदीचा परिणाम आपल्याच वस्त्यांत दिसतो. बाहेर घर मिळत नाही म्हणून सगळे त्याच चार मोहल्ल्यांत शोधतात. मागणी वाढते, भाडं वाढतं, डिपॉझिट वाढतं. आणि ते वाढवणारा मालक बहुतेक वेळा आपलाच असतो. बाहेरच्या भेदभावावर बोलताना हेही कबूल करायला हवं.

पुढे काय येऊ घातलं आहे?

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. २०११ च्या जनगणनेत शहरांत १ कोटीहून अधिक घरं रिकामी आढळली होती. मालक भीतीपोटी घर देत नाहीत, ती भीती घालवायची, हा त्यामागचा विचार. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे. मुदत संपूनही घर न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडं आहे. वेगळी भाडे न्यायालयं आहेत. तो जुन्या भाडेकरूंना लागू होत नाही, पुढच्या करारांनाच होतो. घर हा राज्याचा विषय, त्यामुळे स्वीकारायचा की नाही हे राज्याने ठरवायचं. भेदभावावर मात्र त्यातही एक अक्षर नाही.

दुसरीकडे म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये एक प्रकरण आलं होतं. जुन्या उपकरप्राप्त इमारतीतले ७० टक्के भाडेकरू एकत्र आले तर मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदल्यात इमारत संपादित करता येईल, असं त्यात होतं. मालकांनी त्याला आव्हान दिलं आणि ते प्रकरण नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठापर्यंत गेलं. ५ नोव्हेंबर २०२४ ला बहुमताने सांगितलं गेलं की प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे समाजाची सामायिक साधनसंपत्ती नव्हे. नंतर आलेल्या कलम ७९-अ ने वेगळी वाट काढली : धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने, त्याने नाही दिला तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि दोघांनीही नाही केलं तर म्हाडा स्वतः. यावरही मालकांचे खटले झाले. भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने साडेसोळा एकरांत समूह पुनर्विकास हाती घेतला आणि पहिल्या मनोऱ्यांत जुने रहिवासी राहायलाही गेले. म्हणजे काम होऊ शकतं, पण त्यासाठी पैसा, संघटन आणि विश्वास तिन्ही लागतात. प्रत्येक मोहल्ल्याकडे हे तिन्ही नसतं.

आमची मागणी, आणि आपलं काम

सगळं जोडून बघितलं तर चित्र असं आहे. कायद्याने १९४७ च्या भाडेकरूला वाचवलं आणि त्याची किंमत मालकाने मोजली. त्या किमतीला घाबरलेल्या मालकाने आजच्या भाडेकरूला अकरा महिन्यांवर आणून ठेवलं. म्हणजे बापाच्या संरक्षणाची किंमत आता मुलगा मोजतो आहे.

आम्हाला वाटतं, राज्याने यात चार गोष्टी कराव्यात. जुन्या, खरोखर गरीब भाडेकरूचं संरक्षण तसंच राहावं, पण ज्याला परवडतं त्याच्या भाड्यात टप्प्याटप्प्याने वाढ व्हावी आणि ती वाढ इमारतीच्या दुरुस्तीवरच खर्च व्हावी. लिव्ह अँड लायसन्सला किमान मुदत असावी, निदान मुलांचं शाळेचं वर्ष तरी मध्ये तुटू नये. डिपॉझिटला मर्यादा यावी. आणि धर्म, जात, आहार यांवरून घर नाकारणं कायद्याने दंडनीय ठरावं. आपल्या भागाचे आमदार मत मागायला येतात तेव्हा त्यांच्यासमोर ठेवायला या चार मागण्या पुरेशा आहेत.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर भाडेकरूने पावती, नोंदणी आणि बँकेतून व्यवहार या तीन गोष्टी सोडू नयेत. मालकाने चिडून पाणी किंवा वीज तोडू नये, कलम २९ प्रमाणे तो गुन्हा आहे. घर रिकामं करण्याच्या हुकमावर अपील करणाऱ्या भाडेकरूनेही जाणून असावं की २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज निकालानंतर स्थगिती हवी असेल तर कोर्ट बाजारभावाने रक्कम भरायला सांगू शकतं. नुसती तारीख पे तारीख आता फुकट पडत नाही.

मोहल्ल्यातल्या जमाती, ट्रस्ट आणि तरुण मंडळं रमजानमध्ये राशन वाटतात, शाळेच्या वह्या वाटतात. त्यांनी महिन्यातून एक रविवार भाडेकरारासाठी ठेवावा. एक वकील, एक संगणक, आणि करार वाचून समजावून सांगणारी दोन पदवीधर मुलं एवढं पुरे. दीड हजाराच्या नोंदणीने पाच लाखांचं डिपॉझिट आणि एका लेकराचं शाळेचं वर्ष वाचत असेल, तर तेही सवाबाचंच काम आहे.